दाराबाहेर पडलात, डावीकडे काय?

लेलेबाई अमेरिकेला कधीही गेल्या नव्हत्या, आणि तरीही ह्यूस्टनमध्ये वाट चुकलेल्या एका माणसाला त्यांनी नारायण पेठेतून, एका हाताने दूध ढवळत ढवळत, घरी पोचवलं. हे ऐकीव नाही. मी तेव्हा त्यांच्या दारात उभी होते. हातात पत्रकांचा गठ्ठा होता आणि चेहऱ्यावर संताप. संताप माझ्या चेहऱ्यावर तसा कायमच असतो, आईचं म्हणणं.

दार उघडंच होतं. बाईंनी मला खुणेनंच थांबवलं. फोन ओट्यावर, स्पीकर चालू, आणि त्यातून एका म्हाताऱ्या गृहस्थांचा रडवेला आवाज.

"आपटे, घाबरू नका. डावीकडे काय आहे?"

"घर आहे हो बाई."

"उजवीकडे?"

"तसलंच घर."

"समोर?"

"तसलंच! सगळी एका साच्यातून काढल्यासारखी आहेत हो. अंधार पडायला लागलाय."

"मग मागे वळा आणि चालत राहा. एखाद्या अंगणात दगडी बदकं दिसतात का?"

पलीकडून धापा टाकल्याचा आवाज आला. मग एकदम आनंद. "दिसली! टोप्या घातल्यात त्यांना!"

"झालं तर मग. ते मराठेकाकूंच्या मुलीचे शेजारी. सणावाराला बदकांना कपडे घालतात. आता बदकांकडे पाठ करा आणि फाटकी बास्केटबॉलची जाळी दिसेपर्यंत चला. तिथून पुढचं वळण तुमच्या चिरंजीवांचं. त्याला का नाही फोन केलात?"

"त्याला तरी कुठे माहितीये रस्ता? तो गाडीतल्या बाईला विचारतो."

फोन बंद झाला. दूध उतरवलं गेलं. मग बाई माझ्याकडे वळल्या. "हं. आपलं काय?"

मी पत्रक पुढे केलं. वाघोलीत नगर रोडवर पायी चालणाऱ्यांना रस्ता ओलांडायला जागा नाही, हा विषय. वाघोलीचा प्रश्न नारायण पेठेत का वाटत होते? कारण पेठेतली निवृत्त माणसं अर्ज करतात, अर्जाचा पाठपुरावा करतात, आणि साहेबलोक त्यांना वचकून असतात. आमच्या वाघोलीत अर्ज करायला कोणाला सवड नाही. सगळे सकाळी खराडीला नोकरीवर जातात, मीही जाते, आणि रात्री फक्त झोपायला परत येतात.

बाईंनी ते उभ्याउभ्याच वाचलं. भूगोलाच्या शिक्षिका होत्या. मुलींच्या शाळेत हयात घालवलेली. वाचताना ओठांच्या कोपऱ्यात वह्या तपासणारी एक सुरकुती पडत असे, ती पडली.

"'धिक्कार' फार वेळा आलाय. 'निष्क्रिय प्रशासन' आलंय. 'भांडवली विकासाचं बाहुलं' आलंय, ते काय असतं मला माहीत नाही. पण रस्ता नेमका कुठे ओलांडायचाय, तो नाही आला."

मी भडकले. भडकायचा मला सरावच आहे. म्हटलं, "तुम्हाला ह्यूस्टनच्या बदकांच्या टोप्या माहीत आहेत. अमेरिकेतल्या कुठल्या गल्लीत कचऱ्याची गाडी कोणत्या वारी येते, हे या पेठेत कोणालाही विचारा. आणि वाघोली? याच शहरातली? ती माहीत आहे?"

"नाही," बाई म्हणाल्या. "कोणी सांगितलीच नाही. या कागदानेसुद्धा नाही. रविवारी दहाला या. येताना तिकडचं एखादं चालणारं माणूस आणा. मोटारवाला नको, त्याला काही ठाऊक नसतं."

बाईंनी दार लावलं तेव्हा दारावरची पाटी दिसली: 'अमेरिकेचे कौतुक सांगण्यास येऊ नये. वाट सांगावयाची असल्यास यावे.'

चालणारं माणूस माझ्या घरातच होतं, फक्त ते चालत नव्हतं. बाबा गेल्यावर मी आईला विदर्भातल्या आर्वीहून वाघोलीला आणलं. आर्वीत तिला शंभर घरांतली चूल माहीत होती. इथे नवव्या मजल्यावरच्या गॅलरीत बसून ती रस्त्यापलीकडचा भाजीबाजार बघायची. भाजीवाल्या दिसत, त्यांची भांडणं दिसत, मारुतीच्या देवळाचा कळस दिसे. मध्ये नगर रोड. टँकर, डंपर, बस आणि त्यांच्यामधून साप निघावा तशा दुचाक्या. ती एकदा खाली गेली, दुभाजकापर्यंतही पोचली नाही, आणि परत आली ती पुन्हा खाली उतरलीच नाही. मी फोनवरून भाजी मागवून द्यायचे. आईला भाजी नको होती. आईला भाजीवाली हवी होती.

"दिवाळी झाली का मी चालली आर्वीले," तिनं जाहीर करून टाकलं होतं. "तुह्या वाघोलीत मानूस कोठी हाये, मले दाखव."

मी मोर्चे काढते, घोषणा देते, नगरसेवकांना अडवते. आईला काय दाखवावं ते मला सुचत नव्हतं. ती गेली की परत येणार नाही हे मला ठाऊक होतं, आणि तिकडच्या रिकाम्या घरात ती एकटी कशी राहील, या विचारानं माझी झोप उडालेली.

म्हणून रविवारी रिक्षात घालून तिला नारायण पेठेत नेलं.

लेलेबाईंचा वर्ग म्हणजे त्यांचा दिवाणखाना. बाहेर चपलांची रांग, आत सतरंजी, खुर्च्या गुडघे दुखणाऱ्यांसाठी राखीव. अमेरिकेला मुलांकडे जायला निघालेले आईवडील शिकायला येत आणि परत आलेले शिकवायला. अमेरिकेहून परतणाऱ्याला नियम एकच: आधी वाट, मग चॉकलेट. कोणी पिशवीतून पाकीट काढलं की बाई म्हणत, "ते खाली ठेवा. डोळे मिटा. दाराबाहेर पडलात. डावीकडे काय?"

मग तो माणूस डोळे मिटून चालू लागे. डावीकडे शेजाऱ्याची पिवळी टपालपेटी. पुढे कुत्रा आहे, पण तारेच्या आत. मग तळं. तळ्याकाठी बाक. बाकावर संध्याकाळी एक गुजराती जोडपं येतं, त्यांच्याकडे थर्मास असतो. बाकी मंडळी डोळे मिटून मागोमाग. दोन महिन्यांनी तिथेच जाणारी कोणी एक बाई त्या थर्मासपर्यंत मनाने पोचलेली असे, आणि तिच्या चेहऱ्यावरची भीती उतरलेली मी स्वतः पाहिली आहे.

भिंतीवर नकाशा नव्हता. भूगोलाच्या बाईंच्या घरात नकाशा नाही! विचारलं तर म्हणाल्या, "नकाशा घारीच्या कामाचा. आपण खालून चालणारी माणसं."

वर्ग का सुरू झाला हेही त्यांनी त्यांच्या पद्धतीनं सांगितलं. "मी मुलींना अमेरिका शिकवली. पाच सरोवरं, गव्हाचा पट्टा, मक्याचा पट्टा. पोरी हुशार, गेल्या सगळ्या तिकडे. मग त्यांच्या आया माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, बाई, तुम्ही गव्हाचा पट्टा शिकवलात, पण दिवसभर बोलायला माणूस कोणत्या पट्ट्यात मिळतं ते नाही शिकवलंत. खरं होतं त्यांचं. तेव्हापासून चूक दुरुस्त करतेय."

मी अर्थातच वाद घातला. म्हटलं, ही कसली अमेरिका? घरापासून बाकापर्यंतची! बाई शांतपणे म्हणाल्या, "तेवढीच असते कुठलीही. आपट्यांचा मुलगा बारा वर्षं ह्यूस्टनला आहे. घरामागे ओढा आहे आणि ओढ्याकाठी पायवाट आहे, हे त्याला आपट्यांनी सांगितलं. ज्याच्याकडे गाडी आहे त्याला शहर कळत नाही गं. गाडीतून बघितलेलं शहर म्हणजे काचेतून बघितलेली मिठाई. आमच्या म्हाताऱ्यांना तिकडे गाडी नाही, भाषा अर्धी. त्यामुळे त्यांना सगळं कळतं."

हे मला पत्रकात छापावंसं वाटलं. पण मी कबूल केलं नाही.

तर त्या पहिल्या रविवारी बाईंनी आईकडे पाहिलं. आई पदर सावरून बसलेली, पुण्याच्या शुद्ध बोलण्यापुढे गप्प.

"डोळे मिटा. दाराबाहेर पडलात. डावीकडे काय?"

"लिफ्ट," आई म्हणाली.

"उजवीकडे?"

"दुसरी लिफ्ट."

"खाली उतरलात."

"गाड्याच गाड्या. मंग गेट. गेटवर पोरगा बसते, तो मोबाइल पाहून रायते. भायेर रोड." आई थांबली. "संपलं बाप्पा."

"संपलं म्हणजे? रस्त्यापलीकडे?"

"पलीकडं सारं हाये. बाजार हाये, मारोती हाये, गिरनी हाये. मले दिसते. जाता नाई येत."

मग कोपऱ्यातून, नुकतेच परतलेले आपटेकाका डोळे न उघडताच म्हणाले, "अगदी आमचं ह्यूस्टन!"

आणि सगळे एकदम बोलू लागले. आमचं डॅलसही असंच. समोर दुकान दिसतंय आणि मुलगा म्हणतो, बाबा, चालत जाऊ नका, संध्याकाळी गाडीनं नेतो. मराठेकाकू म्हणाल्या, मी तर एकदा गेले चालत, तर पोलिसाची गाडी थांबली, काही मदत हवी का म्हणून. तिकडे चालणारं माणूस दिसलं की काहीतरी बिनसलंय असंच समजतात. आईने डोळे उघडले आणि विचारलं, "म्हंजे तुम्ही बी घरातच बसून रायले होते काय? अमेरिकेत?"

"सहा सहा महिने!" आपटेकाका अभिमानानं म्हणाले.

आई हसली. वाघोलीला आल्यापासून ती अशी हसल्याचं मला आठवत नाही.

मी मात्र पेटले. साहजिक होतं. अमेरिकेत जे चुकलं तेच आमचे बिल्डर इथे विकतायत, वर 'परदेशी धर्तीवर' म्हणून जाहिरात करतायत! मी बोलायला तोंड उघडलं, तर बाई म्हणाल्या, "प्रणाली, धिक्कार नंतर. आधी वाट बघून येऊ."

पुढच्या रविवारी अख्खा वर्ग बसने वाघोलीला आला. टोप्या, पाण्याच्या बाटल्या, छत्र्या. अमेरिकेत नवीन घरी गेल्यावर पहिल्या आठवड्यात जे जे करायचं ते सगळं त्यांनी आमच्या सोसायटीत केलं. बाक कुठे, सावली कुठे, सकाळी माणसं कुठे बसतात. खालच्या मजल्यावर नांदेडच्या एक काकू राहतात हे त्यांनी शोधून काढलं. त्याही गॅलरीत बसून तोच बाजार बघत होत्या. मी तीन वर्षं त्या इमारतीत राहते. मोर्च्याला लोक कमी पडतात म्हणून बोंबलत असते.

मग सगळे रस्त्यापाशी उभे राहिले. उभेच राहिले. ज्यांनी अटलांटिक ओलांडला होता त्यांना नगर रोड ओलांडता येईना.

"तिकडे सिग्नलच्या खांबावर बटण असतं," आपटेकाका हळूच म्हणाले.

बटण मागायला आम्ही महापालिकेच्या कार्यालयात गेलो. मी, आई, बाई आणि आपटेकाका. मी घोषणा पाठ करून गेले होते. साहेबांनी नेहमीचं सुरू केलं: बघू, पाहणी करू, निधी नाही, आणि हे सगळं परदेशी आहे, आपल्याकडे चालत नाही. मी खुर्चीवरून उठलेच होते. बाईंनी माझ्या ओढणीचं टोक धरून मला खाली बसवलं.

"साहेब, तिकडे तुमचं कोण असतं?"

पुण्यात हा प्रश्न कोणालाही विचारावा. साहेब थबकले. "मुलगा. अटलांटाजवळ."

"जाऊन आलात?"

"हो, म्हणजे, दोनदा."

"डोळे नका मिटू, कार्यालय आहे. पण दाराबाहेर पडलात. डावीकडे काय?"

आणि तो माणूस, ज्यानं वर्षभर माझी निवेदनं पेपरवेटखाली ठेवली होती, तो चालू लागला. डावीकडे उतार. लाल फुलांची झाडं, नाव माहीत नाही. मग मोठा रस्ता. पलीकडे एक देऊळ, साऊथ इंडियन. "आमच्या हिला रोज जायचं असायचं. खांबाला बटण होतं. दाबलं की पांढरा माणूस लागायचा, चालतोय असा. गाड्या थांबायच्या."

"आणि बटण नसतं तर?"

"नसतं तर..." साहेबांनी पेन खाली ठेवलं. "नसतं तर ही सहा महिने घरात बसली असती."

"मी तेच करून रायली, साहेब," आई म्हणाली.

खांब नवरात्रात आला. बटणही आलं. पट्टे रंगवले गेले. वीज आली नाही. चौकशी केली तर वीज दुसऱ्या खात्याकडे. मी लगेच पत्रक लिहायला बसले आणि पहिला शब्द लिहिला तो तुम्ही ओळखलाच असेल. मग तो खोडला. डोळे मिटले. लिहिलं: 'दाराबाहेर पडा. लिफ्टने खाली या. गेटबाहेर उजवीकडे वळा, चहाच्या टपरीपर्यंत. तिथे एक नवीन खांब आहे. बटण दाबा. काही होणार नाही. का होत नाही ते या नंबरवर विचारा.' खाली त्या दुसऱ्या खात्याचा नंबर. बस, एवढंच.

बाईंनी ते वाचलं. सुरकुती पडली नाही. "हं," म्हणाल्या. "आता माणूस पोचेल." एवढं कौतुक त्यांच्या तोंडून आपटेकाकांनीही कधी ऐकलं नव्हतं.

त्या खात्याचा फोन म्हणे दिवसभर वाजत होता. दिवाळी आली, गेली. आईची पिशवी भरलेली होती. मी विचारलं नाही, भीती वाटत होती. तिनंच सांगितलं, "लाइट लागल्याबिगर कशी जाऊ? सारे लोक बटन दाबून पाहून रायले. कोनी तं पाह्यलं पाह्यजे ना लागते का नाई!" आणि रोज सकाळी ती आणि नांदेडच्या काकू खांबापाशी जाऊन, बटण दाबून, खात्याला दोन शब्द ऐकवून परत येऊ लागल्या.

एके दिवशी हिरवा माणूस लागला. बाई मुद्दाम आल्या होत्या. आईनं हात पुढे केला. बाईंनी धरला नाही. "मी धरणार नाही. तिकडे कोणी धरत नाही. जा." गाड्या थांबल्या. सगळ्या नाही. एक दुचाकीवाला सुटलाच, त्याला आपटेकाकांनी छत्री दाखवली. आई पलीकडे गेली, वळली आणि तिथून ओरडली, "आता वापस कशी येऊ?"

"तिकडेही बटण आहे!" आम्ही सगळे ओरडलो.

पण ती लगेच परत आलीच नाही. बाजारात शिरली.

राहता राहिली बाईंची गोष्ट. त्यांची मुलगी मुग्धा ओहायोत, कोलंबसला असते. वर्षानुवर्षं बोलावत होती. बाई तिला फोनवर तोच प्रश्न विचारत आणि ती तेच उत्तर देई: "आई, आम्ही गॅरेजमधूनच निघतो गं. दाराबाहेर पडतच नाही." त्यावर बाई म्हणत, "मग तुला तुझं शहर माहीत नाही. कोणाच्या भरवशावर येऊ मी? आधी वाट सांग, मग तिकीट काढ."

या हिवाळ्यात मुग्धाचा फोन आला. माझ्या आईच्या बटणाची गोष्ट बाईंनी तिला सांगितली होती. कोट, टोपी घालून ती पहिल्यांदा समोरच्या दारानं बाहेर पडली म्हणे, आणि चालत सुटली. डावीकडे शाळा. शाळेच्या कुंपणाशी एक म्हातारी चिनी बाई रोज बर्फ झाडते. पुढे वाचनालय, आत खिडकीपाशी खुर्ची. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काढ आता तिकीट."

निघायच्या आधीच्या रविवारी वर्गात खुर्चीवर बाई बसल्या आणि प्रश्न आईनं विचारले. "डोये मिटा बाई. दाराभायेर पडल्या. डावीकडं काय हाये?" बाई अडखळल्या. खरंच अडखळल्या. आयुष्यभर दुसऱ्यांना चालवणारी बाई. आई म्हणाली, "भेव नका. पलीकडं बी बटन रायते."

वर्ग आता आपटेकाका चालवतात. पाटी तीच आहे, फक्त खाली खडूने 'वाघोलीचीही' असं कोणीतरी लिहिलंय. मी नाही.

परवा सकाळी मी खराडीला निघाले होते आणि आईचा फोन एंगेज. गेटवरचा पोरगा म्हणाला, काकू पलीकडे आहेत. मी बटण दाबलं, गेले. आई कोथिंबिरीच्या ढिगापाशी बसलेली, हातात फोन, आणि फोनमध्ये लेलेबाई, गळ्यापर्यंत लोकर.

"बाई, पडल्या का दाराभायेर? डावीकडं काय हाये?"

"खरं सांगू?" बाईंचा आवाज तिकडच्या थंडीतही तसाच कोरडा. "वाघोलीच आहे. फक्त धूळ पांढरी आहे." मग जरा थांबून, "चिनी बाई भेटली. फावडं धरायला दिलं मला. तुमचं काय? तुमच्या डावीकडे काय?"

आई सांगू लागली. डावीकडं शेवंता, तिची मेथी कालची हाये, तरी ताजी म्हन्ते. तिच्यापल्याड मिरचीवाला, त्याची सून बाळंत झाली, पोरगी झाली. त्याच्या मागं गिरनी, गिरनीवाल्याचा पट्टा तुटला म्हून आज ज्वारी दयून नाई भेटत. मंग मारोती...

मला उशीर होत होता. फोन संपायची चिन्हं नव्हती. पलीकडे, जगाच्या दुसऱ्या टोकाला रात्र झाली होती, आणि लेलेबाईंनी, ज्या कोणाचंही वाक्य पुरं होऊ देत नसत, आईला एकदाही थांबवलं नाही.